रविवारची सुट्टी कोणी ठरवली?

१/५
१८८० च्या दशकात मुंबईच्या कापडगिरण्यांतील कामाच्या तासांवर वाद पेटला होता. गिरणीमालक, सरकार आणि इथल्या स्पर्धेने अस्वस्थ झालेले मँचेस्टरचे कारखानदार, असे तीन पक्ष त्यात बोलत होते. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबणाऱ्या कामगाराचे मत मात्र कोणी विचारीत नव्हते.

२/५
१८८१ च्या फॅक्टरी कायद्याने बालकामगारांना थोडे संरक्षण दिले. प्रौढांच्या तासांना मर्यादा घातली नाही. १८८४ मध्ये मुंबई सरकारने या विषयावर आयोग नेमला. ‘दीनबंधू’चे संपादक, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी ही संधी ओळखून त्याच सप्टेंबरात परळला कामगारांच्या सभा भरविल्या.

३/५
तेथून निघालेल्या अर्जावर सुमारे ५,५०० कामगारांची संमती होती. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार, अपघातात जखमी झालेल्यास मदत, या त्यांच्या मागण्या होत्या. यंत्रापाशी उभे राहणाऱ्यालाच सुचाव्यात अशा!

४/५
२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला सुमारे १०,००० कामगार जमले. दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. १० जून रोजी गिरणीमालक संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. त्याच वर्षीच्या फॅक्टरी आयोगाच्या मुंबईतील कामकाजात लोखंडे यांना स्थान मिळाले.

५/५
१८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी सक्तीची झाली. गिरणीतील प्रौढ पुरुषांच्या तासांना मर्यादा येण्यास मात्र १९११ उजाडले. कामगारांचे म्हणणे ऐकले गेले, तरी अखेरचा शब्द दुसऱ्यांचाच राहिला. ऐकून घेणे आणि निर्णयात वाटा देणे, यांतले अंतर तेव्हा एवढे मोठे होते.