युनिक्स, विषाणू आणि विश्वास

संगणक वापरणाऱ्या आमच्या परिचितांत एक समज दृढ झालेला आढळतो : विषाणूंची बाधा विंडोजला होते, युनिक्स आणि तिच्या कुळातील लिनक्ससारख्या प्रणाली जात्याच निरोगी असतात. इतिहास या समजाला दुजोरा देत नाही.

युनिक्सचा जन्म १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. एका यंत्रावर अनेकांनी काम करावयाचे, म्हणून प्रत्येकाचे अधिकार मर्यादित आणि सर्वाधिकार 'रूट' या एकाच खात्याकडे, अशी तिची व्यवस्था. सामान्य खात्यातून शिरलेला विषाणू त्यामुळे मूळ प्रणालीपर्यंत सहसा पोहोचत नाही. हे संरक्षण खरे आहे. परंतु त्याच्या मर्यादाही लवकरच उघड झाल्या.

नोव्हेंबर १९८३ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातील फ्रेड कोहेन या संशोधक विद्यार्थ्याने युनिक्सवर चालणाऱ्या व्हॅक्स यंत्रावर रीतसर परवानगीने विषाणूचे पाच प्रयोग केले. पाचही वेळा तासाभराच्या आत सर्वाधिकार त्याच्या हाती आले. यासाठी कोणतेही कुलूप तोडावे लागले नाही. एक उपयुक्त आज्ञावली सर्वांसाठी ठेवली गेली, विषाणू तिच्यात दडलेला होता. ज्याने ती चालविली, त्याचे अधिकार विषाणूला लाभले; अधिकारी व्यक्तीने चालविली, तेव्हा सर्व द्वारे खुली झाली.

पुढे २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस याने इंटरनेटवर एक 'किडा' सोडला. विषाणूला दुसऱ्या आज्ञावलीचा आश्रय लागतो. किडा स्वतःच यंत्रामागून यंत्र गाठतो. टपाल वाहणाऱ्या 'सेंडमेल' आज्ञावलीतील उघडे राहिलेले दार, 'फिंगर' सेवेतील चूक, सोपे संकेतशब्द आणि यंत्रांचा परस्परांवरील विश्वास, या चार वाटांनी तो पसरला. बाधित यंत्रांचा त्या वेळचा अंदाज सुमारे ६,००० होता आणि ती सारी युनिक्सचीच होती. दैवदुर्विलास असा की, मॉरिसचे वडील युनिक्समधील संकेतशब्दांच्या सुरक्षिततेचे नामांकित अभ्यासक होते. न्यायालयाने १९९० मध्ये मुलास तीन वर्षांची परिवीक्षा, ४०० तासांची समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड अशी शिक्षा दिली.

अलीकडचा दाखला विषाणूचा नसला तरी त्याच जातीचा आहे. 'एक्सझेड' या लिनक्सवरील मुक्त आज्ञावलीत एका टोपणनावी सहकाऱ्याने दोनेक वर्षे निष्ठेने काम करून विश्वास संपादन केला आणि मग तीत चोरवाट घातली. दूरस्थ प्रवेशास अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्याशा खुणेवरून आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने मार्च २०२४ मध्ये ती उघडकीस आणली.

युनिक्सची तटबंदी भक्कम आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण गड नेहमी तट फोडूनच पडतात असे नाही. आतल्या माणसाने दार उघडले तरी पडतात. म्हणून अद्ययावत दुरुस्त्या, कठीण संकेतशब्द आणि 'रूट' अधिकाराचा जपून वापर, ही पथ्ये लिनक्स बाळगणाऱ्यासही चुकत नाहीत. आपल्याला बाधा होणारच नाही ही निश्चिंती हीच पहिली बाधा होय, असे आम्हांस वाटते.