काळ्या पोतीचं कुळ

पुण्याच्या तुळशीबागेत मंगळसूत्राच्या काळ्या पोतीचे सर हारीने टांगलेले असतात. त्यातला एकेक मणी मोहरीएवढा, पण त्याचं घराणं दोन हजार वर्षांहून जुनं.

पुद्दुचेरीजवळ अरिकमेडूला इसवी सनाच्या आगेमागे असे बारीक, एकरंगी काचमणी घडत आणि समुद्रमार्गे आग्नेय आशियापर्यंत जात. दख्खनलाही काचमणी परके नव्हते. नेवाशाच्या सातवाहनकालीन थरांत ते सापडले. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातर्फे ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केलं, तेव्हा बहमनी काळातल्या काचेच्या बांगड्या आणि मणी हाती आले. दीक्षितांनी पुढे १९६९ साली भारतीय काचेचा सबंध इतिहासच ग्रंथरूपाने मांडला.

अरिकमेडूची रीत आंध्रात श्रीकाळहस्तीजवळच्या पापनायडूपेटा गावाने जपली. तिथले कारागीर वितळलेल्या काचेचा मोठा गोळा ‘लाडा’ नावाच्या पोकळ लोखंडी नळीवर घेतात. नळीतून घातलेल्या सळईने तो आतून पोकळ ठेवतात. भट्टीच्या तोंडाशी बसलेला कारागीर आकड्याने काचेचं टोक धरून न थांबता ओढत राहतो. सुतळीसारखी बारीक, आतून पोकळ नळी निघते. तिचे बारीक तुकडे पाडून राखेत घोळवतात आणि तापवतात. कडा गोल होतात आणि राख भरलेली असल्याने भोकं बुजत नाहीत.

उत्तर प्रदेशातल्या पुरदिलनगरात मऊ काच लोखंडी सळईभोवती गुंडाळून मणी करतात. घानातल्या क्रोबो लोकांची तऱ्हा आणखी निराळी. फुटक्या बाटल्या कुटून त्यांची पूड मातीच्या साच्यात भरायची आणि मधोमध कसाव्याच्या पानाचा देठ उभा करायचा. भट्टीत देठ जळून जातो, भोक तेवढं उरतं. भंगार काच कामी आणणं तसं सगळ्याच काचकामात चालत आलं आहे, कारण कच्च्या मालापेक्षा ती कमी आचेवर वितळते.

मणी कोणत्या रीतीचा, हे भिंगातून कळतं. ओढीव मण्यात हवेचे बुडबुडे भोकाच्या दिशेने लांबट झालेले असतात, तर गुंडाळीव मण्यात ते भोकाभोवती फेर धरतात. काळी काचसुद्धा बऱ्याचदा मुळात गडद जांभळी किंवा हिरवी असते. पातळ कपची उजेडात धरली की रंग उघडा पडतो.

जुनं मंगळसूत्र मोडीत देताना सोनं गुंजभरही कमी भरू नये म्हणून आपण काट्यावर नजर ठेवतो आणि मणी मात्र केरात जाऊ देतो. ते काढून घ्यावेत, भिंगाखाली पाहावेत, कोणाचे आणि कधीचे हे डबीवर लिहून ठेवावं. उत्खननात मिळालेल्या मण्यांची नोंद अभ्यासक एवढ्या निगुतीने करतात. आजीच्या पोतीची नोंद घरातल्यांनीच करायची आहे.