सुटीचा भोंगा आणि चाळीतली संध्याकाळ

गिरणगावाचा इतिहास लिहिताना भोंगा, संप, मोर्चे, पगार यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पण सुटीचा भोंगा वाजल्यावर आपली माणसं काय करायची, याची नोंद फारशी कुणी ठेवली नाही. आमच्या मते समाज घडला तो याच मोकळ्या वेळात. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही त्या मोकळ्या वेळाचीच कथा सांगत आहोत.

आधी हे लक्षात घ्यावे की हा मोकळा वेळ कुणी दान म्हणून दिलेला नाही. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १८९० साली गिरणी कामगारांना आठवड्याची सुटी मिळाली. १९२२ च्या कायद्याने आठवड्याचे काम ६० तासांवर आले आणि १९३४ च्या कायद्याने ५४ वर. पुढे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना १९४६ साली ते ४८ तासांवर आले. संध्याकाळी चाळीत ढोलकी वाजू शकली, ती या तासांच्या हिशेबामुळे.

चाळीही त्याच काळातल्या. १९२० साली सरकारने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढले, त्यावरून 'बीडीडी' हे नाव पडले. वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीला १२ अशा २०७ चाळी. तळमजला धरून चार मजले, मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. एवढ्याशा खोलीत कुटुंब आणि वर गावाकडचे पाहुणे! मग माणूस बसणार कुठं? दोन्ही बाजूंच्या खोल्यांमधला पॅसेज हाच आमचा दिवाणखाना झाला. तिथंच कॅरम, तिथंच पत्ते, तिथंच रात्रीचं अंथरूण. पोरं खाली मैदानात विटीदांडू, गोट्या, लगोरी आणि हुतूतू खेळायची. या हुतूतूलाच पुढे सगळे कबड्डी म्हणू लागले. अंगात रग असलेले तरुण लेझीम आणि लाठी शिकायचे, आणि त्यातलेच पुढे समता सैनिक दलात दिसायचे.

वाचन हीसुद्धा करमणूकच होती. १९३० साली 'जनता' पत्र निघाले. एका चाळीत वाचता येणारे दोन-चार जण असायचे, त्यांच्याभोवती बाकीचे बसायचे. एकाने मोठ्याने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे आणि मग त्यावर वाद घालायचे. किती तरी जणांची पहिली शाळा हीच.

पण खरी रात्र जागायची ती जलशाला. सत्यशोधक जलशाची वाट पुढे नेत १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्या कलावंतांनी आंबेडकरी जलसे उभे केले. साज तमाशाचाच, म्हणजे ढोलकी, बतावणी, सवाल-जवाब. विषय मात्र शिक्षण, दारूबंदी, सावकारी आणि मृत मांस सोडण्याचे. माणसं हसता हसता अंतर्मुख व्हायची. पुढे गायन पार्ट्या आल्या, कव्वालीच्या चालीवरचे सामने आले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक मोठेपणी अक्षरे शिकले आणि घराघरांत पोचले.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर मोकळ्या वेळाचे रूपच पालटले. देवदेवस्की, जत्रा आणि अंगात येणे सुटले. त्याऐवजी बुद्धवंदना आली आणि वर्षावासाच्या तीन महिन्यांत ग्रंथवाचन होऊ लागले. वर्षभराची मोठी हौस म्हणजे भीमजयंती. वर्गणी, पताका, देखावे, पोरांची नाटुकली यांत चाळ महिनाभर गुंतलेली असायची.

सगळेच गोमटे होते असे आम्ही म्हणणार नाही. न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या भावाच्या आकड्यावर इथं जुगार चालायचा. दिवसभर कापूस कातायचा आणि पगाराच्या दिवशी कापसाच्याच आकड्यावर पैसे घालवायचे! १९६० च्या दशकात तो मटका झाला आणि त्याला नाव पडले आपल्या वरळीचे. दारूनेही घरं बुडवली. आणि बायांचं काय? नळावरची रांग, चूल, पोरंबाळं, काहींना वर गिरणीची पाळी. त्यांची करमणूक म्हणजे वाकळ शिवता शिवता गायलेली ओवी आणि जयंतीचा भीमपाळणा. पुरुषांचा मोकळा वेळ बायांच्या कष्टावर उभा होता, हेही इतिहासात लिहिले पाहिजे.

१९७२ साली मुंबईत दूरदर्शन आले. ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या दारात शनिवार-रविवारी सिनेमाला गर्दी. मग १८ जानेवारी १९८२ चा संप झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातल्या अनेकांना गिरणीने परत घेतले नाही. वेळ मिळाला, पण तो सुटीचा नव्हता, बेकारीचा होता. रिकामा वेळ आणि मोकळा वेळ यांतला फरक त्या पिढीला पुरता कळला.

आता चाळी जात आहेत. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. ५०० चौरस फुटांचे, स्वतःच्या संडास-न्हाणीचे घर! याचा आम्हाला आनंदच आहे. पॅसेजमध्ये झोपलेल्या माणसाला त्याची किंमत सांगावी लागत नाही. पण दार लावले की पॅसेज संपतो. एकत्र बसायची, भांडायची, गायची जागा संपते. ती जागा आता विहारालाच व्हावे लागेल. वंदनेबरोबर रविवारी संध्याकाळी वाचन व्हावे, गाणे व्हावे, पोरांसाठी कॅरम बोर्ड असावा, आणि बायांसाठी त्यांचा स्वतःचा वेळ असावा. आपल्या म्हाताऱ्या माणसांना जी गाणी पाठ आहेत, ती वहीत उतरवून घ्या. उशीर करू नका. आठवड्याचे तास साठावरून अठ्ठेचाळीसवर आणायला पिढ्या खपल्या आहेत. ते बारा तास कसे घालवायचे, हे आता आपल्या हातात आहे.

जय भीम!