सफरचंदाचा काढा, मनुकांचे शरबत आणि अरबस्तानचे गोड पाणी

गेल्या हिवाळ्यातील एका शुक्रवारी सायंकाळी आमच्या घरच्या मेजावर दोन पेये एकाच वेळी आली. एक आपले नित्याचे, किद्दूशसाठी केलेले काळ्या मनुकांचे शरबत. दुसरे आमच्या मजल्यावरील शेजारी चाचा थर्मासमधून घेऊन आले होते. चाचा मूळचे रायगड जिल्ह्यातील कोकणी मुसलमान. आमच्या आणि त्यांच्या वाडवडिलांची गावे एकमेकांना लागून. उमेदीची बरीच वर्षे त्यांनी जेद्दा येथे नोकरीत काढली. "बाई, घशाला बरं वाटेल, घ्या," असे म्हणून त्यांनी पेला पुढे केला. सफरचंद, दालचिनी, लवंग आणि सुंठ यांचा तो गरम काढा होता. जेद्द्याला खोलीवर राहणारी मंडळी खोक्यातला सफरचंदाचा रस आणून त्यात मसाला घालून उकळीत, आणि त्यांच्यातील एक येमेनी सोबती आले टाकण्याचा आग्रह धरी, अशी त्याची हकीकत.

किद्दूश झाल्यावर माझ्या भाच्याने विचारले, "मावशी, आता बाजारात द्राक्षांचा रस मिळतो, कोशेर वाईनही मागवता येते. मग मनुका भिजवण्याचा हा खटाटोप कशाला? ही तर कोकणातल्या गरिबीची सोय होती ना?" त्याचा हेतू वाईट नव्हता. परंतु हा समज आपल्या अनेक तरुणांच्या मनात आहे, आणि त्यामागे आपले पूर्वज काहीसे अडाणी होते, त्यांनी धर्म कसाबसा निभावून नेला, अशी भावना दडलेली असते. म्हणून त्या दोन पेल्यांच्या निमित्ताने हा इतिहास मांडीत आहे. त्याचा मार्ग अरबस्तानातून जातो.

प्रथम सफरचंदाविषयी. या फळाचे मूळ स्थान मध्य आशियातील तिएनशान पर्वताच्या उतारांवर, आजच्या कझाकस्तानात आहे. तेथून ते इराण व शामकडे, म्हणजे सीरियाकडे आले. हिब्रूत त्याला 'तप्पुआख' म्हणतात, तर अरबीत 'तुफ्फाह'. दोन्ही शब्द सख्ख्या भावंडांसारखे आहेत. आपला मराठी शब्द मात्र वेगळ्या वाटेने आला. अरबीत 'सफरजल' म्हणजे सफरचंदाच्या जातीचेच एक आंबट-तुरट, सुगंधी फळ. हाच शब्द फारसीतून पश्चिम किनाऱ्यावर येऊन गुजरातीत 'सफरजन' आणि मराठीत 'सफरचंद' झाला, असे मानले जाते. फळ एक आणि नाव दुसऱ्याचे, असा प्रकार व्यापारी मार्गांवर नेहमीच घडतो.

सफरचंदाचे पेय आपल्या धर्मग्रंथांना अपरिचित नाही. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नात, तेरुमोत या भागाच्या अकराव्या अध्यायात, खजुराच्या मधाबरोबर 'सफरचंदांचे मद्य' याचा उल्लेख येतो. बाबिलोनी तालमूदच्या अवोदा झारा या भागात तर एक कथाच आहे. मिश्नाचे संकलक रब्बी यहूदा हनासी यांना पोटाचा विकार जडला. असाच विकार रब्बी योसे यांना झाला असता सत्तर वर्षांचे जुने सफरचंदी मद्य पिऊन ते बरे झाले होते, असे त्यांच्या मुलाने सांगितले. मग शोध करता एका परधर्मीय गृहस्थाकडे तसे मद्य सापडले आणि ते घेऊन रब्बींनाही उतार पडला. यावरून एवढे निश्चित दिसते की सफरचंदाचे पेय त्या काळी औषध म्हणून मान्य होते. चाचांनी "घशाला बरं वाटेल" म्हणून दिलेला काढा त्याच परंपरेत बसतो.

आता अरबस्तानाकडे वळू. ज्या प्रदेशाला १९३२ पासून सौदी अरेबिया हे नाव आहे, त्याचा मोठा भाग उष्ण आणि कोरडा आहे. सफरचंदाला हिवाळ्यात दीर्घ थंडी लागते. त्यामुळे मक्का-मदिनेच्या परिसराचे ते फळ नव्हे. तेथील खरे फळ खजूर. मात्र मक्केच्या पूर्वेला सुमारे १,८०० मीटर उंचीवर वसलेल्या ताइफ येथे हवा थंड असते. तेथील द्राक्षे, डाळिंबे आणि गुलाब पूर्वीपासून प्रसिद्ध आहेत. ताइफची द्राक्षे वाळवून होणाऱ्या मनुका खाली मक्केत येत.

या खजुरापासून आणि मनुकांपासून अरबस्तानात घरोघरी एक पेय होई. त्याचे नाव 'नबीज'. कृती अगदी साधी. चामड्याच्या पखालीत किंवा भांड्यात मूठभर खजूर अथवा मनुका टाकून वर पाणी ओतायचे. सकाळी भिजवले तर सायंकाळी प्यायचे, रात्री भिजवले तर सकाळी. हजरत महंमद पैगंबरांच्या घरी असेच केले जाई, असे हदीसच्या ग्रंथांत त्यांच्या पत्नी आयेशा यांच्या नावे नमूद आहे. भिजवलेल्या मनुकांचे पाणी ते त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी व तिसऱ्या दिवसाच्या सायंकाळपर्यंत घेत, पुढे उरलेले टाकून देण्यात येई, अशीही नोंद आहे. पैगंबरांचे चुलते अब्बास यांच्याकडे मक्केत यात्रेकरूंना पाणी पाजण्याचा मान होता, आणि ते त्या पाण्यात ताइफच्या मनुका भिजवीत असत.

तीन दिवसांची मर्यादा कशासाठी, हे समजून घेण्यासारखे आहे. फळांच्या सालीवर सूक्ष्म किण्व असते. गोड पाण्यात ते वाढू लागले की साखरेचे रूपांतर मद्यार्क आणि कर्बवायूत होते. उष्ण हवेत ही क्रिया एक-दोन दिवसांतच सुरू होते. आजच्या मुलांना हे शाळेत प्रयोगाने दाखवता येते. त्या काळच्या गृहिणींना किण्व ठाऊक नव्हते, पण काळाचे गणित पक्के ठाऊक होते. दुधी भोपळ्याचे पोकळ भांडे, डांबर माखलेले रांजण, खजुराच्या खोडाचे कोरीव पात्र यांत नबीज करण्यास आरंभी मनाई होती. चामड्याची पखाल मात्र चाले, कारण आत पेय आंबले तर पखाल फुगून तडकते आणि दोष लपत नाही, असे स्पष्टीकरण भाष्यकारांनी दिले आहे.

या भूमीशी आपल्या धर्मबांधवांचाही जुना संबंध आहे. तैमा, खैबर, फदक, वादी अल्-कुरा आणि यस्रिब, म्हणजे पुढचे मदिना, या हिरवळीच्या प्रदेशांत यहुदी वस्त्या होत्या. खजुराची लागवड हा त्यांचा मुख्य व्यवसाय. इ. स. ६२८ मध्ये खैबर जिंकले गेल्यावर तेथील यहुदी निम्मे उत्पन्न देण्याच्या कराराने बागा कसत राहिले; खलिफा उमर यांच्या कारकीर्दीत (६३४ ते ६४४) त्यांना तेथून हलवण्यात आले. दक्षिणेला नजरान येथे मात्र यहुदी विसाव्या शतकापर्यंत नांदत होते. १९३४ च्या तहाने नजरान सौदी राज्यात राहिले आणि १९४९ च्या सुमारास तेथील यहुदी एडनमार्गे इस्राएलला गेले.

याच नैऋत्य कोपऱ्यात, जाझानच्या डोंगरांत आणि शेजारच्या येमेनमध्ये, फळापासून होणारे एक गरम मसालेदार पेय आजही प्यायले जाते. त्याला 'किश्र' म्हणतात. कॉफीचे फळ वाळवून बी काढल्यावर जी साल उरते, ती आले आणि कधी दालचिनी घालून उकळतात. या डोंगरांतील खौलानी कॉफीच्या लागवडीच्या ज्ञानाला युनेस्कोने २०२२ मध्ये मानवजातीच्या वारशाच्या यादीत स्थान दिले. चाचांचा येमेनी सोबती सफरचंदाच्या रसात आले का मागत होता, याचा उलगडा येथे होतो. त्याच्या घरी फळाची साल आणि आले यांची जोडी पिढ्यान्‌पिढ्यांची असणार. परमुलखात सफरचंदाचा रस हाती आला तेव्हा त्याने त्यालाच घरचे वळण दिले.

परंतु या काढ्यातील मसाले अरबस्तानचे नव्हेत. इ. स. पूर्व पाचव्या शतकातील ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने दालचिनीच्या काड्या अरबस्तानात मोठाले पक्षी घरट्यांसाठी आणतात, अशी कहाणी लिहून ठेवली आहे. माल अरबांच्या हातून मिळे, म्हणून तो अरबस्तानात पिकतो असा ग्रीकांचा समज झाला. वस्तुतः वेलची मलबारची, उत्तम दालचिनी सिंहलद्वीपाची आणि लवंग पूर्वेकडील मोलुक्का बेटांची. हा माल आपल्याच किनाऱ्यावरून पश्चिमेला जाई. इ. स. ९१६ च्या सुमारास अल्-मसूदी हा प्रवासी सैमूर येथे, म्हणजे आपल्या चौल बंदरी आला होता. ओमान, बसरा, बगदाद येथून आलेल्या व इथेच स्थायिक झालेल्या सुमारे दहा हजार मुसलमानांची तेथे वस्ती असल्याचे त्याने लिहिले आहे. ज्या नवगावच्या किनाऱ्यावर आपले पूर्वज फुटलेल्या गलबतातून उतरले असे आपण परंपरेने सांगतो, ते याच चौलच्या जवळ आहे.

शरबत हा शब्दही त्या मार्गाने आला. अरबीत 'शरिबा' म्हणजे पिणे. त्याच धातूपासून 'शराब' आणि 'शरबत' हे दोन्ही शब्द निघाले. मूळ अरबीत 'शराब' म्हणजे कोणतेही पेय. इ. स. १२६० च्या सुमारास कैरोतील एका यहुदी औषधविक्रेत्याने, कोहेन अल्-अत्तार यांनी, 'मिन्हाज अल्-दुक्कान' हा अरबी ग्रंथ आपल्या मुलासाठी लिहिला. औषधांच्या दुकानात शरबते कशी करावीत हे त्यात प्रकरणवार सांगितले आहे. फळाचा रस आटवून तो टिकाऊ करण्याची विद्या त्या काळी वैद्यकाचा भाग होती. उकळल्याने रस का टिकतो, याचे शास्त्रीय कारण मात्र एकोणिसाव्या शतकात पाश्चरने दाखवले. त्या शोधाच्या आधारे अमेरिकेत वेल्च नावाच्या दंतवैद्याने १८६९ मध्ये न आंबलेला द्राक्षरस बाटलीत भरला. आजच्या बाजारातील बाटल्या व खोकी ही त्याचीच वंशज होत.

आता माझ्या भाच्याच्या प्रश्नाकडे येते. मनुकांचे शरबत ही केवळ गरिबीची सोय होती काय? कोकणात द्राक्षे होत नव्हती आणि वाईन सहज मिळत नव्हती, हे खरेच. परंतु तालमूदच्या बाबा बथ्रा या भागात द्राक्षांचा घड पिळून त्या ताज्या रसावर किद्दूश म्हणता येते, असे राबाचे मत नोंदलेले आहे. रब्बी योसेफ कारो यांच्या १५६५ मध्ये प्रथम छापल्या गेलेल्या 'शुल्हान आरूख' या ग्रंथात तर मनुकांच्या पेयावर किद्दूश करण्यास स्पष्ट अनुमती आहे. अट एकच, की मनुकांत ओलावा शिल्लक असावा. माझी आजी भिजवण्यापूर्वी मनुका बोटांत दाबून पाहायची आणि खडखडीत वाळलेल्या बाजूला काढायची. तिने कारोंचा ग्रंथ पाहिलाही नव्हता. नियम मात्र तिच्या बोटांत होता.

आंबणे आणि न आंबणे यांविषयीची ही दक्षता आपल्या सणांच्या मराठी नावांतही उमटली आहे. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या आणि १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेल्या इतिहासात पेसाहचे जुने नाव 'अनाशी ढाकाचा सण' असे दिले आहे. आनास म्हणजे घरातील आंबट द्रवाचे मडके. सणात ते झाकून ठेवायचे. हिब्रू ग्रंथ जवळ नसताना हा नियम मडक्यावरच्या झाकणाने जपला.

सफरचंदाच्या पेयाबद्दल एक भेद मात्र ध्यानात ठेवावा. शब्बाथच्या किद्दूशला द्राक्षवेलीचेच फळ हवे. सफरचंदाचा रस कितीही शुद्ध असला तरी तो त्या जागी चालत नाही. त्याची जागा नव्याच्या सणाला मधात बुडवलेल्या फोडींच्या शेजारी, आणि हिवाळ्यात आजाऱ्याच्या उशाशी.

ज्यांना घरी करून पाहावयाचे असेल त्यांच्यासाठी चाचांची कृती देते. मध्यम आकाराची चार सफरचंदे धुवून सालीसकट चिरावीत व बिया काढाव्यात. एक लिटर पाण्यात दालचिनीचा बोटभर तुकडा, चार लवंगा आणि ठेचलेले अंगठ्याएवढे आले घालून फोडी मंद आचेवर अर्धा तास शिजवाव्यात. फोडी मऊ झाल्या की घोटून पाणी गाळून घ्यावे. त्यात दोन चमचे गूळ विरघळवावा आणि उतरवल्यावर दोन वेलदोड्यांची पूड टाकावी. वेलची आधी घातल्यास तिचा वास उडून जातो. पेय त्याच दिवशी संपवावे. उरलेच तर शीतकपाटात ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळून घ्यावे. भिजवलेल्या मनुकांच्या पाण्याचा जुना हिशेब आजही विसरू नये.

भाच्याला मी हे सारे एका बैठकीत सांगितले नाही. पुढच्या गुरुवारी रात्री त्याला मनुका निवडायला बसवले आणि बोटांत दाबून पाहायला शिकवले. शुक्रवारी सकाळी त्या वाटून, गाळून शरबत त्यानेच केले. एक पेला त्याने चाचांकडे नेऊन दिला. चाचांनी घोट घेतला आणि म्हणाले, "अरे, हे तर आमचं नबीज!"