वेळेवर न आलेली चिप

तर मंडळी, ॲपलने २००५ साली पॉवरपीसी सोडून इंटेलकडे जायचं जाहीर केलं, ती गोष्ट आपल्या फील्डमध्ये सगळ्यांना पाठ असते. पण तसाच पेच त्याआधी दहा-बारा वर्षं पुण्यात सीडॅकसमोर होता, आणि मला तो जास्त अवघड वाटतो.

अमेरिकेच्या निर्यात-निर्बंधांमुळे हवे ते सुपरकॉम्प्युटर मिळेनात, म्हणून १९८८ मध्ये डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली सीडॅक सुरू झालं. १९९१ मध्ये परम ८००० तयार. त्यात ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीचे टी८०० ट्रान्सप्युटर होते. या चिपची गंमत म्हणजे शेजारच्या चिपशी बोलायला तिच्यातच चार लिंक. जोडत जा, मशीन वाढवत जा! साहजिकच सॉफ्टवेअरही त्या लिंकच्या भरवशावर.

पुढची चिप टी९०००. तिची घोषणा १९९१ मध्ये झाली, मग ती रखडली, आणि आली तेव्हा ठरलेला वेग तिला गाठता आलाच नव्हता. मधल्या परम ८६०० मध्ये आकडेमोडीसाठी इंटेलची आय८६० होती. कागदावर भन्नाट, पण तो वेग बाहेर काढणारा कंपायलर लिहिताना भल्याभल्यांची दमछाक झाली. आमच्या पेणच्या गणपती कारखान्यांत साचा कितीही चोख असो, डोळ्यांची आखणी झाल्याशिवाय मूर्ती गाडीत चढत नाही. आणि चतुर्थी कुणासाठी थांबत नाही. (आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरलाही हे पटतं, फक्त दुसरा अर्धा भाग.)

ॲपलकडे जुने प्रोग्राम चालवायला रोझेटा होता. इंटेलसाठीचं फोटोशॉप २००७ मध्ये आलं तोवर लोकांनी त्यावर भागवलं. सुपरकॉम्प्युटरवर हा मार्ग बंद. जिथे वेगासाठीच मशीन घेतलंय, तिथे दुभाष्या कसा परवडणार?

म्हणून १९९४ चा परम ९००० मला महत्त्वाचा वाटतो. टी९००० ची वाट बघत न बसता सीडॅकने प्रोसेसर बदलता येईल अशी रचनाच केली, आणि सुरुवात सनच्या सुपरस्पार्कने केली. तिच्यासाठी कंपायलर बाजारात तयार होते. त्याच वर्षी एमपीआय हे संदेशवहनाचं प्रमाण आलं. रोह्याला मध्य रेल्वे संपते, कोकण रेल्वे सुरू होते, पण रूळ तेच, त्यामुळे प्रवाशाला पत्ताही लागत नाही. हे तसंच काहीसं, अर्थात थोडी डागडुजी लागतेच.

१९९८ च्या परम १०००० मध्ये अल्ट्रास्पार्क आली, पुढे परम पद्ममध्ये आयबीएमची पॉवर४, आणि २००८ च्या परम युवामध्ये शेवटी इंटेल.