बंदिवान घरीं परततो तेव्हां

शिक्षेची मुदत संपली कीं कैद्याचा सरकारशीं असलेला हिशेब पुरा झाला, असें सामान्यतः मानलें जातें. परंतु ज्या घरीं तो परत जावयाचा, तेथें मुलें असतील तर दुसराच एक हिशेब सुरू होतो. बापाच्या गैरहजेरींत आईनें संसार कसाबसा सांवरलेला असतो. धाकट्याला बापाचा चेहराहि आठवत नसतो. अशा घरीं त्यानें कोणत्या अटींवर यावें, हें ठरविण्यासाठीं कुटुंबाची पाहणी करण्याची पद्धत इंग्लंडांत कशी रूढ झाली, तो इतिहास उद्बोधक आहे.

एकोणिसाव्या शतकांत चौकशीचा सारा रोख अपराध्याकडे होता. १८६२ सालच्या कायद्यानें सुटलेल्या कैद्यांच्या साहाय्यक मंडळांना मान्यता दिली; हीं मंडळें कपडे, कामाचीं हत्यारें व नोकरी मिळवून देत. १८७६ सालीं फ्रेडरिक रेनर नांवाच्या मुद्रकानें चर्चच्या मद्यपाननिषेधक मंडळीकडे पांच शिलिंग पाठविले, आणि त्यांतून पोलिस कोर्टांत काम करणारे धर्मसेवक पुढें आले. आरोपीच्या घरची परिस्थिति पाहून ते ती न्यायाधीशाला कळवीत. १९०७ च्या कायद्यानें या कार्यांतूनच प्रोबेशन अधिकारी निर्माण केला. घर नीट असेल तर माणूस सुधारेल, हा त्यामागील विश्वास होता, व तो खोटाहि नव्हता. मात्र घराचें मोल त्या माणसाच्या सुधारणेवरून ठरे. मुलांचा विचार ओघानेंच येई.

मुलांचा प्रश्न वेगळ्याच वाटेनें आला. १८८९ च्या कायद्यानें निर्दय आईबापांकडून मूल काढून घेण्याचा अधिकार न्यायालयाला दिला. पुढें १९४८ च्या कायद्यानें प्रत्येक स्थानिक संस्थेस निराश्रित मुलांसाठीं स्वतंत्र अधिकारी नेमावा लागला. १९७१ सालीं हीं खातीं समाजसेवा विभागांत एकत्र झालीं. तरीहि १९७३ सालीं ब्रायटन येथें मारिया कॉलवेल ही सात वर्षांची मुलगी सावत्र बापाच्या मारानें मरण पावली. दत्तकासारखा सांभाळ करणाऱ्या घरांतून तिला आईकडे परत धाडलेलें होतें. निरनिराळ्या खात्यांना थोडथोडें ठाऊक होतें. तें एकत्र कोणींच केलें नाहीं, असें चौकशींत दिसून आलें. रक्ताचें नातें म्हणजे सुरक्षिततेची हमी नव्हे, हा धडा फार महाग पडला.

१९८९ च्या बालक कायद्यानें न्यायालयापुढें मुलाचें हित सर्वश्रेष्ठ ठरविलें. २००० सालच्या सरकारी मार्गदर्शिकेनें पाहणीच्या तीन बाजू आंखून दिल्या: मुलाच्या वाढीच्या गरजा, आईबापांची कुवत आणि कुटुंबाची भोवतालची परिस्थिति. २००४ सालीं मुलाचें म्हणणें जाणून घेण्याचें कर्तव्यहि कायद्यांत घातलें गेलें, आणि २०१३ सालीं अशा पाहणीस कामाच्या ४५ दिवसांची कमाल मर्यादा आली. त्यामुळें सुटणाऱ्या माणसाचा प्रोबेशन अधिकारी एका बाजूनें व मुलांकडे पाहणारा समाजसेवक दुसऱ्या बाजूनें एकाच उंबरठ्यावर येऊं लागले.

दोघांचे प्रश्न मात्र निराळे आहेत. कुटुंबाशीं टिकलेला संबंध कैद्याला पुन्हा गुन्ह्यापासून आवरतो, हें लॉर्ड फार्मर यांच्या २०१७ च्या अहवालानें ठासून सांगितलें. तें खरेंच आहे. पण बापाला सांवरण्याचें ओझें मुलाच्या शिरावर टाकतां येत नाहीं. उलट, केवळ तुरुंगाचा डाग आहे म्हणून, वाट पाहणाऱ्या मुलापासून बाप तोडणें हाहि अन्यायच होय. दोन्ही चुकांची शिक्षा ज्यानें कांहींच अपराध केला नाहीं त्यालाच भोगावी लागते. म्हणून पाहणी करणाऱ्यानें मोठ्यांचीं आश्वासनें लिहून घेतल्यावर मुलाशीं एकांतांत चार शब्द बोलावे, आणि तो काय सांगतो तें सावकाश ऐकावें, हेंच या दीर्घ इतिहासाचें सार आहे.