शिणलेल्या मनाची वही

कामाने शिणलेल्या, विटून गेलेल्या माणसाने मनातले कागदावर उतरवावे, असा सल्ला आज कोणीही सहज देतो. वैद्यकाच्या इतिहासात मात्र तो बराच उशिरा आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या नामवंत डॉक्टरांचे मत नेमके उलटे होते. डोके थकले असेल तर लेखणी आधी काढून घ्यावी, असे ते सांगत.

या थकव्याला रोगाचा दर्जा मिळवून दिला तो न्यूयॉर्कच्या जॉर्ज बिअर्ड यांनी. १८६९ मध्ये त्यांनी ‘न्यूरास्थेनिया’ हे निदान पुढे आणले. मज्जासंस्थेतल्या शक्तीचा साठा मर्यादित असतो आणि तो खर्ची पडला की माणूस गळून जातो, अशी त्यांची मांडणी होती. १८८१ च्या पुस्तकात त्यांनी या रोगाची कारणे सांगितली: वाफेची यंत्रे, तारायंत्र, नियतकालिके, विज्ञाने आणि स्त्रियांचे बौद्धिक काम. यातले शेवटचे कारण अनेक बायकांना महागात पडले.

बिअर्ड यांनी नाव दिले, उपचार दिला फिलाडेल्फियाच्या सायलस वेअर मिचेल यांनी. ‘विश्रांती-उपचार’ म्हणून तो गाजला. सहा ते आठ आठवडे अंथरुणावर पडून राहायचे, भरपूर दूध प्यायचे, अंग रगडून घ्यायचे आणि विजेचे सौम्य झटकेही. भेटीगाठी बंद आणि लिहिणे-वाचणेही बंद. हे पथ्य मुख्यतः स्त्रियांसाठी होते. थकलेल्या पुरुषांना मिचेल बहुधा पश्चिमेकडच्या मोकळ्या मुलखात धाडत. ओवेन विस्टर यांना १८८५ मध्ये त्यांनी वायोमिंगला पाठवले. विस्टर तिथे घोडे फिरवत, शिकार करत आणि रोजनिशी लिहीत. त्या नोंदींचा उपयोग त्यांना पुढे कथालेखनात झाला आणि १९०२ मध्ये त्यांची ‘द व्हर्जिनियन’ ही कादंबरी आली.

१८८७ मध्ये शार्लट पर्किन्स गिलमन (तेव्हा आडनाव स्टेट्सन) मिचेल यांच्याकडे आल्या, तेव्हा त्यांचे वय होते २६. मुलीच्या जन्मानंतर त्या खचल्या होत्या. येण्यापूर्वी त्यांनी आपल्या दुखण्याची सविस्तर हकीकत पत्राने कळवली होती. डॉक्टरांना तीत दिसला तो केवळ बाईंचा अहंपणा. रुग्णाने स्वतःच्या मनाविषयी लिहून पाठवलेला मजकूर म्हणजे निदानाचे आयते साधन; पण तोच रोगाचा पुरावा ठरला. महिन्याभराने घरी पाठवताना मिचेल यांनी बजावले की घरसंसारात रमावे, दिवसाकाठी दोन तासांहून अधिक डोके चालवू नये आणि लेखणी, कुंचला, पेन्सिल यांना जन्मभर हात लावू नये. गिलमन यांनी हे पथ्य सुमारे तीन महिने पाळले आणि वेडाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचल्या. मग त्यांनी सल्ला बाजूला सारला आणि त्या कामाला लागल्या. ‘द यलो वॉलपेपर’ ही त्यांची कथा १८९२ मध्ये प्रसिद्ध झाली. विश्रांतीसाठी खोलीत ठेवलेली एक स्त्री त्या कथेत चोरून लिहिते. गिलमन यांनी कथेची प्रत मिचेल यांना पाठवली. उत्तर आले नाही.

न्यूरास्थेनियाचे निदान तोवर समुद्र ओलांडून जपानला पोहोचले होते. परीक्षांच्या ओझ्याखालचे विद्यार्थी, कारकून, शिक्षक यांच्या तोंडी ‘शिंकेइ सुइजाकु’ हा शब्द रुळला. तोक्योतले मनोविकारतज्ज्ञ मोरिता मासाताके (१८७४–१९३८) स्वतः विद्यार्थिदशेत अशाच त्रासातून गेले होते. १९१९ च्या सुमारास त्यांनी रुग्णांना आपल्या घरातच ठेवून घेऊन नवी पद्धत बसवली. तिची पहिली पायरी मिचेल यांच्यासारखीच भासते: आठवडाभर एकट्याने पडून राहायचे, ना वाचन ना गप्पा. फरक पुढे आहे. मिचेल यांना झीज भरून काढायची होती, मोरितांना कंटाळा हवा होता. पडून पडून जीव विटला की माणूस आपणहून हातपाय हलवू पाहतो, आणि तिथून दुसरी पायरी सुरू होते. अंगणात हलकी कामे, मग अंगमेहनतीची कामे आणि शेवटी रोजच्या जगण्यात परत.

दुसऱ्या पायरीपासून रुग्णाच्या हाती वही येते. तो संध्याकाळी दिवसाची नोंद करतो, डॉक्टर ती वाचून लाल शाईने शेरे लिहितात. पण या वहीत दुखण्याच्या तक्रारी आळवायच्या नसतात. झोप आली नाही, छाती धडधडली, उदास वाटले, यावर डॉक्टर फारसे बोलतच नाहीत. आज काय केले, काय पाहिले, हे लिहायचे. भावना हवेसारख्या येतात-जातात, त्यांना हुकूम सोडता येत नाही. हातातले काम मात्र आपल्या ताब्यात असते, हा त्यामागचा विचार. मराठीत ‘रोजनिशी’ हा शब्दही आधी दफ्तराचाच होता. पेशव्यांच्या रोजनिश्यांत हुकूम, सनदा आणि जमाखर्च सापडतो, मनाचा ठाव नाही. मोरितांच्या रुग्णांची वही या दफ्तरी रोजनिशीला अधिक जवळची.

भावनांच्या वहीकडे जाणारी वाट त्याच सुमारास इंग्लंडमध्ये एका स्त्रीने डॉक्टरांविनाच शोधली. मॅरियन मिल्नर यांना नोकरी होती, मित्रमंडळी होती, तरी जगणे पोकळ वाटत होते. १९२६ पासून त्या रोजच्या सुखाचे क्षण टिपू लागल्या आणि मग मनात येईल ते न थांबता लिहू लागल्या. आपल्याला हवे असे वाटते ते आणि खरोखर सुखावते ते यांत बरेच अंतर आहे, हे त्यांना त्या पानांवर दिसले. १९३४ मध्ये हे सारे ‘अ लाइफ ऑफ वन्स ओन’ या नावाने, जोआना फील्ड या टोपणनावाखाली पुस्तकरूपाने आले. मिल्नर पुढे मनोविश्लेषक झाल्या.

‘बर्नआउट’ हा शब्द आजच्या अर्थाने आला तो १९७४ मध्ये. नाझी जर्मनीतून मुलगा असताना निसटलेले हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर न्यूयॉर्कमध्ये दिवसा आपला दवाखाना चालवत आणि रात्री गरिबांच्या मोफत दवाखान्यात राबत. तिथल्या स्वयंसेवकांचा उत्साह हळूहळू करपताना त्यांनी पाहिला. अमली पदार्थांनी पोखरलेल्या माणसांसाठी वस्तीत वापरला जाणारा शब्द त्यांनी या अवस्थेला लावला. निरीक्षणात ते स्वतःही होते. कुटुंबाबरोबर सुट्टीला निघायच्या दिवशी त्यांना अंथरुणातून उठवेना. तेव्हा त्यांनी टेपरेकॉर्डरसमोर मन मोकळे केले आणि नंतर ती टेप परक्यासारखी ऐकली. वही नव्हती, पण रीत तीच.

वहीला प्रयोगशाळेत आणले ते टेक्सासच्या जेम्स पेनेबेकर यांनी. तरुणपणी वैवाहिक ताणाच्या दिवसांत लिहिण्याने त्यांना स्वतःला उतार पडला होता. सँड्रा बील यांच्यासह केलेला त्यांचा प्रयोग १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. ४६ विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे लिहिले. काहींना क्षुल्लक विषय दिले होते. इतरांना आयुष्यातला मोठा आघात. आघातावर लिहिणाऱ्यांतही तीन गट होते: फक्त घटना, फक्त भावना, आणि दोन्ही. लिहून उठताना आघात लिहिणारे अधिक खिन्न होते. पण घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्यातल्या फेऱ्या पुढच्या सहा महिन्यांत क्षुल्लक विषयांवर लिहिणाऱ्यांपेक्षा कमी झाल्या.

कामाच्या जगाशी याचा सांधा १९९४ च्या एका अभ्यासाने जुळवला. डॅलसमध्ये नोकरीवरून काढलेल्या, बहुतेक पन्नाशी ओलांडलेल्या अभियंत्यांना पाच दिवस, रोज वीस मिनिटे, नोकरी गेल्याबद्दल लिहायला सांगितले. न लिहिणाऱ्यांपेक्षा त्यांना नव्या नोकऱ्या लवकर लागल्या. अर्ज आणि फोन त्यांनी जास्त केले नव्हते. मुलाखतीला जाताना राग मागे राहिला असावा, असा संशोधकांचा तर्क.

पेनेबेकर यांनी पुढे संगणकाने या लिखाणांतले शब्द मोजले. पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत तेच गाऱ्हाणे घोळवणाऱ्यांना फायदा कमी झालेला दिसला. ज्यांच्या मजकुरात ‘कारण’, ‘म्हणून’, ‘आता कळते’ अशा अर्थाचे शब्द दिवसागणिक वाढत गेले, ते अधिक सुधारले. वेगळ्या वाटेने का होईना, हा निष्कर्ष मोरितांच्या लाल शाईच्या बराच जवळ येतो.

उपायाचे माप मात्र छोटेच आहे. २००६ मध्ये १४६ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा सरासरी परिणाम निश्चित पण अल्प निघाला. बर्नआउटच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. क्रिस्टिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये त्याची २२ प्रश्नांची मोजपट्टी प्रसिद्ध केली. मास्लाक यांच्या मते दोष बहुतेकदा कामाच्या ठिकाणी असतो: अति भार, हातात नसलेले निर्णय, अन्याय. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये बर्नआउटला आजार न म्हणता कामाशी निगडित अवस्था म्हटले. वहीने साहेब बदलत नाही, हे उघड आहे. म्हणून कर्मचाऱ्यांना वह्या वाटून मोकळ्या होणाऱ्या कार्यालयांकडे थोडे संशयानेच पाहावे लागते.

पेनेबेकर यांच्या सूचना आजही साध्या आहेत. तीन-चार दिवस, पंधरा ते वीस मिनिटे, शुद्धलेखनाची पर्वा न करता, फक्त स्वतःसाठी लिहावे. एखादा विषय झेपेनासा वाटला तर तिथेच थांबावे. लिहिलेला कागद ठेवायचा की फाडून टाकायचा, हे ज्याचे त्याने ठरवावे.